शिट्टी ज्याच्या गळ्यात

सीताराम घाडी डोंगराच्या माथ्यावर पहिला कधीच पोहोचला नाही. दुसरा नाही, दहावासुद्धा नाही. चाळीस वर्षं हा माणूस ठाण्याच्या पाऊलठसा गिर्यारोहण मंडळाबरोबर सह्याद्री तुडवतोय, आणि दर वेळी सगळ्यांच्या शेवटी वर आला. आता तुम्ही म्हणाल, मग यात सांगण्यासारखं काय? आहे ना. शेवटी येणं हेच त्याचं काम होतं.

मंडळात त्याला 'मागचा' म्हणतात. पोरं 'शेपूट' म्हणतात, तेही तोंडावर, आणि सीताराम गालातल्या गालात हसतो. रांगेच्या पुढे वाट दाखवणारा एक जण असतो आणि अगदी मागे एक जण, ज्याच्या मागे कुणीही राहता कामा नये. कुणाला धाप लागली, कुणाच्या पायात गोळा आला, कुणाला झाडामागे जायचंय, कुणी भर चढावर रुसून बसलंय, सगळं या मागच्याच्या वाट्याला. त्याच्या गळ्यात पितळी शिट्टी असते. पुढून एक शिट्टी आली की मागून दोन द्यायच्या. म्हणजे सगळे आहेत, चला. आणि माथ्यावर येऊन मागच्याने दोन शिट्ट्या मारेपर्यंत कुणीही डबा उघडायचा नाही, मग पोटात कावळे किती का ओरडेनात.

चाळीस वर्षं लोकांच्या मागून चालल्यामुळे सीताराम माणसं टाचांवरून ओळखायला शिकला. चेहरा विसरेल, टाच विसरायचा नाही. मंडळातला आनंद कित्येक वर्षांनी जांभळी नाक्यावर भाजी घेताना दिसला, तर सीतारामने त्याला पाठीमागूनच हाक मारली. "डावा पाय अजून फेंगडाच टाकतोस रे!" आनंद दचकला, मग गळ्यातच पडला.

शिट्टी त्याच्याकडे आली ती महिपत सरांकडून. महिपत सर म्हणजे मंडळाचे संस्थापक, कल्याणच्या एका शाळेत कवायत शिकवायचे. आता ते नाहीत. सीताराम तेव्हा कणकवलीकडून नुकताच आलेला, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅकिंग खात्याला लागलेला. पहिल्याच चढाईत हा तरणाताठा गडी धापा टाकणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांजवळ बसून राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी ते पाहिलं आणि पुढच्या वेळी शिट्टी काढून याच्या गळ्यात घातली.

काय दिवस होते ते! ताडपत्रीच्या शिवलेल्या पाठपिशव्या, कॅनव्हासचे बूट, कल्याण डेपोतून मुरबाडकडे जाणारी लाल एसटी आणि तिच्या टपावर रॉकेलचा स्टोव्ह. घोडबंदर रोडला तेव्हा कुत्रं फिरकत नव्हतं. रविवारी पोरं तिकडच्या टेकड्यांवर सरावाला जायची आणि येताना रुमालात करवंदं बांधून आणायची. आज तिथे तीस-तीस मजले उभे आहेत, आणि मंडळात नवीन आलेला मितेश त्यातल्याच एका इमारतीत बाविसाव्या मजल्यावर राहतो. सीतारामने त्याला एकदा सांगितलं, "तुझ्या लिफ्टच्या जागी आमची करवंदाची जाळी होती." मितेश म्हणाला, "सही ना, काका!"

शिट्टीबरोबर सरांनी एक नियमही दिला होता. फार पूर्वी एका मागच्याने आपली नवी बायको बरोबर आणली. तिचा हात धरून चालताना याला भान राहिलं नाही, आणि एक मुलगा वाट चुकून संध्याकाळपर्यंत जंगलात एकटा रडत बसला. तेव्हापासून ठरलं: शिट्टी ज्याच्या गळ्यात, त्याचं घरचं माणूस डोंगरावर नाही.

आणि इथेच कांताची गोष्ट सुरू होते.

कांता म्हणजे सीतारामची बायको. लग्न होऊन ती वर्तकनगरच्या एका खोलीत आली आणि पहिल्याच होळीला नवरा पाठीवर पिशवी टाकून निघाला. मंडळाची वसंतातली मोठी सहल होळीलाच असते. होळीच्या संध्याकाळी पायथ्याच्या गावात पोहोचायचं, गावकऱ्यांबरोबर होळी बघायची, धुळवडीला डोंगर चढायचा. नवी नवरी पुरणपोळ्यांचा डबा हातात घेऊन दारात उभी, आणि हा म्हणतो, "पुढच्या वर्षी तुला नेतो."

पुढचं वर्ष! ते काही येईना. दर होळीला कांता पहाटे उठून पुरण शिजवायची, मंडळाला पुरतील एवढ्या पोळ्या बांधून द्यायची आणि धुळवडीला एकटी बसायची. राकेश झाल्यावर त्याला घेऊन बसायची, राकेश नोकरीला लागून बंगळूरला गेल्यावर पुन्हा एकटी. बरं, हा परत यायचा तोही शेवटी. टिटवाळ्याच्या माणसाला टिटवाळ्याची गाडी मिळाली का, डोंबिवलीच्या बायका रिक्षात बसल्या का, हे सगळं बघून मग स्वारी घरी. तोवर आमटी दोनदा गरम करून झालेली.

"लष्करच्या भाकऱ्या भाजा!" ती ताट वाढताना म्हणायची.

"अगं, माणसं मागे राहिली तर..."

"मी नाही का मागे राहिले?"

यावर सीताराम आमटी भुरकायचा.

तिला डोंगराचं अप्रूप होतं असं समजू नका. कांता कोकणातल्या डोंगरातच वाढलेली, डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन उतरलेली. ती एकदा चिडून म्हणाली होती, "डोंगर बघितलाय मी. तुम्ही तिथे जाऊन काय करता ते बघायचंय. एवढं आहे तरी काय, की माणसाला घर आठवत नाही?"

या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, पाडव्यानंतर ऑपरेशन करू. घरात चालाल, बाजारात जाल, पण डोंगर वगैरे आता विसरा. कांता दवाखान्यातून बाहेर पडली, रिक्षात बसली, आणि वर्तकनगरचा नाका येईपर्यंत बोटांवर दिवस मोजत राहिली. मग म्हणाली, "होळी आधी आहे ना? मग या होळीला मी येणार. नंतर कापा काय कापायचं ते."

सीतारामचे 'पुढच्या वर्षी' हे शब्द आता चालणार नव्हते. बायकोला न्यायचं तर शिट्टी सोडायची. शिट्टी ठेवायची तर चाळीस वर्षांचा शब्द कायमचा खोटा. आणि खरं सांगू? त्या माणसाला त्या रात्री झोप आली नाही याची मला लाजच वाटते. एवढी वर्षं जिने वाट बघितली तिच्यापुढे पितळेचा तुकडा तो काय! पण शेवटी ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मंडळाची बैठक डोंबिवलीला सुदेशच्या घरी झाली. सुदेश म्हणजे आताचा पुढारी, सगळ्यांच्या पुढे चालणारा. सीतारामने गळ्यातली शिट्टी काढली आणि कल्याणच्या रुचिताच्या हातात दिली. ही मुलगी चार वर्षं त्याच्या बरोबरीने मागून चालत होती.

"काका, नक्की?" ती म्हणाली.

"नक्की. या वेळी कांता येतेय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सीतारामही हसला, आणि मग त्याचा हात उगाच गळ्याशी गेला.

सुदेशने डोंगर सोपा निवडला, मुरबाडच्या पुढची देवमाची. कांताने होळीच्या दिवशी सकाळीच पोळ्या केल्या. नैवेद्याआधी पोळ्या बांधाव्या लागतात म्हणून देवाची माफीही मागितली. संध्याकाळी गावच्या होळीत स्वतःच्या हाताने पोळी टाकली. ढोल वाजत होते, बाया गात होत्या आणि कांताचा चेहरा जाळाने लाल झाला होता. सीताराम तिच्याकडे बघत राहिला. लग्नातसुद्धा त्याने तिच्याकडे एवढं बघितलं नव्हतं.

"काय बघताय?"

"काही नाही. छान दिसतेयस."

"चला! या वयात!" ती म्हणाली, पण पदर नीट केला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत रांग निघाली. पुढे सुदेश, मागे रुचिता, आणि घाडी पतिपत्नी मध्यभागी. सीताराम जन्मात पहिल्यांदा रांगेच्या मधोमध चालत होता आणि त्याला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. पुढे टाचा दिसायच्या ते ठीक, पण आता मागेही माणसं होती आणि त्यांच्या टाचा दिसत नव्हत्या. तो सारखा वळून बघायचा.

"मान मोडेल," कांता म्हणाली. तिच्या एका हातात काठी होती, दुसऱ्या हाताने तिने याचा दंड धरला होता.

डोंगर फुलला होता. पळसाच्या फांद्या शेंदरी झाल्या होत्या, मोहाच्या झाडाखाली पांढरट फुलांचा सडा पडला होता. कांता थांबून म्हणाली, "पळसाला पानं तीनच म्हणतात. इथे तर एकही नाही!" सीताराम मोठ्याने हसला. कुठल्या दगडावर कोण घसरलं होतं, कुठे महिपत सरांनी गूळ-शेंगदाणे वाटले होते, कुठे एका पोराने ऐन चढावर प्रेमात पडल्याचं सांगितलं होतं, तो एकेक जागा दाखवत होता. ती ऐकत होती. तिला या सगळ्या जागा नावाने ठाऊक होत्या. आमटी भुरकता भुरकता त्यानेच तर सांगितलेल्या.

अर्ध्या वाटेवर एक सपाट कातळ आहे. तिथे कांताचा गुडघा बोलू लागला म्हणून दोघं बसली. बाकीचे पुढे गेले. वरून सुदेशची शिट्टी आली. एक.

सीतारामने कान टवकारले. मागून उत्तर नाही.

थोड्या वेळाने पुन्हा एक शिट्टी. उत्तर नाही.

सीताराम बसल्या जागी चुळबुळू लागला. त्याने पाण्याची बाटली उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. कांता बघत होती.

"जा," ती म्हणाली.

"नाही. आज नाही. रुचिता आहे ना, बघेल ती."

"अहो, धड इथे आणि जीव खाली. कशाला बसवून ठेवताय स्वतःला? जा! मी बसते. वाट बघायची मला काय नवी सवय लावायचीय?"

हे शेवटचं वाक्य सुईसारखं टोचलं. पण तेवढ्यात तिसरी शिट्टी आली, तिलाही उत्तर आलं नाही, आणि सीतारामचे पाय आपोआप उतरणीला लागले. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

दोन वळणं खाली घळीच्या पोटात रुचिता आणि मितेश दिसले. मितेशच्या महागड्या बुटाचा तळ जबड्यासारखा उघडला होता. सीतारामने घाईघाईने खिशातून सुतळी काढली. बघतो तर रुचिताचं बुटाला क्रेप बँडेज गच्च गुंडाळून झालेलं.

"काका, तुम्ही का आलात?"

"शिट्टी नाही दिलीस तू!"

"दिली की! तीनदा दिली."

आणि सीतारामच्या डोक्यात प्रकाश पडला. ही जागा खोलगट. इथून आवाज वर जात नाही. इथे मागच्याने चार पावलं चढून कारवीच्या झुडपांच्या वर येऊन वाजवायचं असतं. हे त्याला ठाऊक नव्हतं? चाळीस वर्षं ठाऊक होतं! तो स्वतः न चुकता कारवीपर्यंत चढायचा. फक्त वर बसून ऐकायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती, म्हणून ते आठवलंच नाही.

"आणि काकू?" रुचिता म्हणाली. "काकूंना एकटं सोडून आलात?"

सीतारामला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इथे त्याची कुणाला गरज नव्हती. जिला होती तिला तो कातळावर बसवून आला होता. आजसुद्धा!

तो झपाझप निघाला. निघाला खरा, पण मितेश लंगडत होता, आणि वळण आलं की सीतारामचे पाय थबकायचे. दोघं नजरेच्या टप्प्यात आली की मगच पुढे. असं करत करत तो कातळाशी आला, तर कातळ रिकामा.

"कांता!"

हाक पलीकडच्या कड्यावर जाऊन परत आली. मग कातळावर मांडलेले दगड दिसले. बाण, टोक वरच्या दिशेला. 'पुढे गेलोय' ही मंडळाची जुनी खूण. शिट्टीला उत्तर मिळालं नाही म्हणून सुदेश खाली आला असणार आणि सीताराम मागे गेलाय हे ऐकून कांताला घेऊन गेला असणार. बाणाच्या टोकाशी पळसाचं एक फूल ठेवलं होतं. सुदेशला असलं काही सुचणं शक्य नाही.

जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ इतकं वाईट वाटलं की तो तिथेच बसला. चाळीस वर्षं म्हणाला होता, मी नेतो. आणि शेवटी तिला वर नेलं दुसऱ्याने. देवाने एक दिवस दिला होता, तोही याने घळीत घालवला. डोळ्यांत पाणी आलं तसं त्याने टोपीने पुसलं, कारण मागून दोघं येत होती.

उरलेली चढण त्याने खाली मान घालून काढली. वळणं मात्र सोडली नाहीत. थांबायचा, मागे बघायचा, बँडेजवाला बूट दिसला की निघायचा.

माथ्यावर मंडळी गोल करून बसली होती. डबे मांडीवर, सगळे बंद. कांता मात्र गोलात नव्हती. ती कडेच्या एका दगडावर पाय लांब करून, काठी आडवी ठेवून खाली वाटेकडे तोंड करून बसली होती. सीताराम तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"कांता, मी... आज तरी मी तुझ्याबरोबर..."

"बसा आधी. घामाने भिजलायत."

तो बसला. तिने पदराने त्याचं कपाळ पुसलं, सगळ्यांदेखत.

"इथून सगळी वाट दिसते," ती म्हणाली. "तुमची पांढरी टोपी दिसत होती. घरच्या खिडकीतून काय, नुसती समोरची भिंत. बेल वाजते तेव्हा कळतं तुम्ही आलात. एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा तुम्हाला येताना बघितलं मी."

सीतारामने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला वाटायचं, हा माणूस मला मागे टाकून पुढे पुढे जातो. डोंगरात मजा मारतो. आणि तुम्ही तर काय करत होतात? चार पावलं चालायचं आणि थांबायचं. पुन्हा चार पावलं, पुन्हा थांबायचं." तिने काठीने खालची वाट दाखवली. "अहो, तुम्ही पण वाटच बघत होतात. मी तिथे, तुम्ही इथे. एवढं एकदा सांगितलं असतंत तर कशाला भांडले असते मी?"

आता हे त्याला स्वतःला कुठे ठाऊक होतं, तो सांगणार? तो तिचा हात धरून बसून राहिला. पोरं दुसरीकडे बघायला लागली. मितेश वर आला, त्याच्या मागून रुचिता आली, आणि तिने दोन शिट्ट्या मारल्या. डब्यांची झाकणं खडाखड उघडली.

कांताने पहिली पोळी सीतारामच्या हातावर ठेवली, वर तुपाची वाटी ओतली.

"पुढच्या होळीला मी घरी," तो पोळी न खाता म्हणाला. "तुझ्याजवळ. शिट्टी रुचिताची झाली आता."

"नको बाबा! घरात बसून काय करणार, माझं पुरण ढवळणार?" तिने डोळे पुसले. "शिट्टी तिची असू दे. तिच्याबरोबर चाला मागून, तिला ती घळ दाखवा. मी थांबेन घरी. आता तुम्ही कुठल्या वळणावर थांबलायत ते मला दिसेल."